आयोवातून नाव घ्यावं असं कुणी निघालंय का?

तुमची भाची अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शिकायला चालली आहे, आणि मका-डुकरं सोडून तिथून नाव घ्यावं असं कुणी निघालंय का, असं तुम्ही विचारलंय. निघालंय की, भरपूर. फक्त मी बियाण्यांच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे माझं उत्तर मक्याच्या बांधावरूनच जाणार.

आधी झटपट नावं. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर वेस्ट ब्रँच गावचे. पडद्यावरचा काउबॉय जॉन वेन जन्मला विंटरसेटमध्ये. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांना ज्यांचं नाव दिलंय ते व्हॅन ॲलन माउंट प्लेझंटचे. अंतराळात सगळ्यात जास्त दिवस काढलेली अमेरिकन, पेगी व्हिटसन, ही तिथल्या शेतकऱ्याची पोर. इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस ग्रिनेलमध्ये वाढला. कॉलेजात असताना मेजवानीसाठी शेतातलं डुक्कर पळवलं म्हणून त्याला एक सत्र बाहेर काढलं होतं. म्हणजे डुकरं काही पूर्णपणे सोडता येत नाहीत.

पण मला विचाराल तर आयोवाचा सगळ्यात मोठा माणूस हेन्री वॉलेस. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं. त्याच्या गुरूला मात्र अख्खा मराठी वाचक ओळखतो: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. कार्व्हर मूळचा मिसुरीचा. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने काळा म्हणून दारातून परत पाठवलं, तेव्हा आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजने त्याला घेतलं, तेही चित्रकला शिकायला. १८९१ मध्ये तो आयोवातल्याच एम्स गावच्या कृषी महाविद्यालयात गेला. तिथला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि नंतर पहिला कृष्णवर्णीय शिक्षक. तिथेच शिकवणाऱ्या एका वॉलेस नावाच्या प्राध्यापकाचा छोटा मुलगा त्याच्या मागे मागे रानात हिंडायचा, गवतं आणि फुलं ओळखायला शिकायचा. तोच हा हेन्री.

त्या काळी मक्याची प्रदर्शनं भरत. कणीस लांब, दाण्यांच्या ओळी सरळ, की बक्षीस! सोळा वर्षांच्या हेन्रीला हे पटेना. त्याने बक्षीसपात्र कणसांचे दाणे वेगवेगळ्या ओळींत पेरले आणि उतारा मोजला. दिसायला देखणी कणसं उत्पन्नात मागे पडली. मला स्वतःला हा प्रयोग त्याच्या पुढच्या सगळ्या पदांपेक्षा मोठा वाटतो. पुढे १९२६ मध्ये त्याने संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, तीच नंतरची पायोनिअर. संकरित बी शेतकऱ्याला दर वर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं, घरचं ठेवून चालत नाही. आमचा धंदा उभा आहे तो यावरच, आणि शेतकऱ्यांच्या शिव्याही यावरूनच खातो.

१९३३ मध्ये वॉलेस कृषिमंत्री झाला, १९४१ मध्ये रूझवेल्टचा उपराष्ट्राध्यक्ष. १९४४ च्या निवडणुकीत पक्षाने त्याला बाजूला सारून ट्रूमनला घेतलं. रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये गेले. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची ट्रूमनला मिळाली. हिशेब तुम्हीच करा.

पण पदावर बसण्याआधीच, १९४० च्या शेवटी, तो स्वतःच्या गाडीने मेक्सिकोला गेला होता. तिथल्या शेतकऱ्यांची तुटपुंजी पिकं बघून आल्यावर त्याने रॉकफेलर फाउंडेशनच्या मागे तगादा लावला. त्यातून जो कृषी प्रकल्प सुरू झाला, त्यात १९४४ मध्ये एक तरुण रुजू झाला. तोही आयोवाचाच, क्रेस्कोजवळच्या शेतावर वाढलेला, एकशिक्षकी शाळेत शिकलेला आणि कुस्ती खेळणारा: नॉर्मन बोरलॉग. आधी तांबेरा रोगाला दाद न देणारा गहू, मग खत दिलं तरी न लोळणारा बुटका गहू. वर्षाला दोन पिकं घेता यावीत म्हणून तो मेक्सिकोच्या दोन टोकांना आलटून पालटून पेरत राहिला; त्यातून दिवस लहान असो की मोठा, कुठेही येणारं वाण हाती लागलं. १९६६ मध्ये भारताने हे बियाणं १८,००० टन मागवलं. १९७० मध्ये बोरलॉगला शांततेचं नोबेल मिळालं. पुढे या हरित क्रांतीत पंजाबचं भूजल किती खोल गेलं हा वेगळा, आणि खराच, प्रश्न आहे.

बोरलॉगने सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार दरवर्षी आयोवाच्या राजधानीत, दे मॉइनमध्ये, देतात. पहिला, १९८७ चा, एम. एस. स्वामिनाथन यांना. १९९८ मध्ये तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला, म्हणजे महिको या बियाणे कंपनीच्या संस्थापकांना.

भाचीला साहित्याची आवड असेल तर आयोवा सिटीही तिला बघायला सांगा. तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात दिलीप चित्रे १९७५ ते ७७ राहिले होते. फक्त त्या शहरातल्या 'कार्व्हर-हॉकआय' स्टेडियमसमोर फोटो काढून 'आपला कार्व्हर' म्हणून पाठवू नका म्हणावं. तो कार्व्हर वेगळा, मस्कटीनचा उद्योगपती. आपल्या कार्व्हरच्या नावाची इमारत एम्सच्या विद्यापीठात आहे.