वडील ७४ वर्षांचे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी. तोवर नुसत्या पेजेवर ठेवावं का?

नाही, नुसत्या पेजेवर मुळीच ठेवू नका. गिळता येतंय, पोट साफ होतंय, तर हे तीन आठवडे प्रथिनं वाढवायचे आहेत. मी सर्जरी वॉर्डात आहारतज्ज्ञ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची म्हातारी माणसं 'पोटाचं दुखणं, पेजच बरी' म्हणत अर्ध्या अंगाची होऊन येतात, ते बघून जीव तुटतो. जखम भरायला लागणारी प्रथिनं आहारातून आली नाहीत तर शरीर ती स्नायूंतून काढतं, आणि या वयात स्नायू आधीच झडलेले असतात. मग जंतुसंसर्ग होतो, मुक्काम लांबतो. एस्पेन ही रुग्णांच्या पोषणावर काम करणारी युरोपीय संस्था तर सांगते की सहा महिन्यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली असेल, तर आधी ७ ते १४ दिवस पोषण द्या, ऑपरेशन लांबलं तरी चालेल.

साधारण वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५० किलोला रोज ६० ते ७५ ग्रॅम. वाटीभर पेजेत जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतात! त्याऐवजी:
- दोन अंडी (सुमारे १२ ग्रॅम)
- काटे काढलेला बांगडा, १०० ग्रॅम (सुमारे २० ग्रॅम)
- मऊ भातावर कुळथाची पिठी, दूध, दही; कमी पडलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रथिन पावडर

मात्र किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या; आणि पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरेनासा झाला तर काही न भरवता थेट रुग्णालय गाठा.