‘मिंट एरर’ला मराठीत काय म्हणावे : खोट, दोष की चूक?

जुन्या स्पॅनिश सोन्याच्या नाण्यांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘मिंट एरर’ असलेल्या, म्हणजे टाकसाळीतच घडवताना बिघडलेल्या नाण्याला ‘खोटे नाणे’ म्हणता येईल का, आणि येत नसेल तर दुसरा शब्द कोणता वापरावा.

‘खोटे नाणे’ येथे मुळीच चालणार नाही. मराठीत खोटे नाणे म्हणजे बनावट, टाकसाळीबाहेर कोणीतरी ओतलेले किंवा पाडलेले नाणे. मिंट एरर असलेले नाणे मात्र टाकसाळीतूनच बाहेर पडलेले असल्यामुळे अस्सल असते, आणि संग्राहक अशा नाण्याला कित्येकदा बिनचूक नाण्याहून अधिक किंमत देतात. ‘सदोष नाणे’ हा शब्द त्या मानाने बरा, परंतु तो फार सैल आहे. वापरून झिजलेले किंवा भोक पाडून गळ्यात घातलेले नाणेही सदोषच ठरेल, आणि त्यात टाकसाळीचा काही अपराध नसतो.

माझ्या मते ‘चूक’ आणि ‘दोष’ हे दोन शब्द येथे जाणीवपूर्वक वेगळे ठेवावेत. ठसा कोरणाऱ्याच्या हातून राजाच्या नावातले एखादे अक्षर गळले किंवा उलटे कोरले गेले, तर ती ठशातली चूक. त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती जशीच्या तशी उतरते. याउलट ठसा निर्दोष असूनही घाव घालताना चकती सरकली आणि पेरूतल्या लिमाच्या नाण्यावरचे दोन खांब व त्यांखालच्या लाटा दोनदा उमटल्या, तर तो पाडतानाचा दोष. तो त्या एकाच नाण्यापुरता असतो. असे नाणे तिरप्या उजेडात धरले की दुसऱ्या घावाखाली पहिल्या ठशाच्या रेषा चेपल्या गेलेल्या दिसतात. ओतीव बनावट नाण्यावर असे चेपलेपण सहसा नसते. तेथे अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरलेला असतो.

भाषांतरात खरी अडचण येते ती हातघडणीच्या नाण्यांपाशी. स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोत 1679 पासून आणि लिमात 1696 पासून सोन्याची जी ओबडधोबड नाणी हातोड्याने पाडली गेली, त्यांत वजन नेमके साधणे महत्त्वाचे असे. आठ एस्कुदोंचे (एस्कुदो हे स्पॅनिश सोन्याच्या नाण्याचे एकक) नाणे सुमारे 27 ग्रॅम भरले पाहिजे, म्हणून जास्तीचे सोने कातरून टाकत. आकार वेडावाकडा झाला, काठावरचा मजकूर अर्धा चकतीबाहेर गेला, तरी कोणाची हरकत नसे. ज्यांनी शिवराई हातात घेऊन ‘छत्रपति’मधले एखादे अक्षर काठाबाहेर गेलेले पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशा नाण्याला चुकीचे म्हणू नये आणि सदोषही म्हणू नये. ‘अपुऱ्या ठशाचे’ म्हणावे. मेक्सिकोत 1732 पासून यंत्राने गोल नाणी पडू लागल्यावर मात्र तोच सरकलेला ठसा दोष ठरतो. म्हणजे शब्द निवडण्याआधी नाणे कोणत्या पद्धतीने पाडले आहे, हे पाहावे लागते.

चुकीसारखे दिसणारे सगळेच चूक नसते, याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. आजच्या कोलंबियातल्या पोपायानच्या टाकसाळीत 1808 नंतर स्पेनचा राजा सातव्या फर्नांदोच्या नावाने पडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर चेहरा आहे त्याच्या वडिलांचा, चौथ्या कार्लोसचा. नाव एकाचे आणि मुखवटा दुसऱ्याचा, तरीही ही चूक नव्हे. जुनाच मुखवटा जाणूनबुजून चालू ठेवला होता. येथे ‘विसंगती’ म्हणावे.

राहिला ‘खोट’ हा शब्द. रोजच्या बोलण्यात खोट म्हणजे उणीव, त्यामुळे तो मोहात पाडतो. पण नाण्याच्या संदर्भात तो लगेच धातूच्या कसाकडे जातो. स्पेनने 1772 मध्ये आणि पुन्हा 1786 मध्ये सोन्याचा कस गुपचूप उतरवून 22 कॅरटवरून 21 वर आणला. त्या नाण्यांत हीण वाढले, तरी राजाच्याच हुकमाने वाढल्यामुळे ती खोटी ठरली नाहीत, आणि त्यांना मिंट एररही म्हणता येत नाही. म्हणून भाषांतरात सरसकट संज्ञा हवी तेथे ‘टाकसाळीतला दोष’ लिहावे, चूक ठशातली असल्याचे लेखातच सांगितले असेल तेथे ‘ठशातली चूक’ लिहावे, आणि ‘खोट’ हा शब्द कसाच्या चर्चेसाठी राखून ठेवावा.