जिऑलॉजीत एम.एस्सी. : नागपुरात की बाहेर?

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जिऑलॉजी आणि केमिस्ट्री. जिऑलॉजी मनापासून आवडते. पण वर्गातल्या मुली बी.एड. नाहीतर एमबीएची तयारी करून राहिल्या. एम.एस्सी. इथेच करू की जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटीत जाऊ? बाबा म्हणतात, मुलीची जात खाणीत काय करणार, सरळ एमपीएससी दे. नक्की कोणतं कॉलेज चांगलं?

उत्तर : अगं, कॉलेजचं नंतर बघू. तू राहतेस कुठे ते आधी बघ. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय. सिव्हिल लाइन्समध्ये इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, तिथेच वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं. काटोल रोडला मँगनीज काढणारी मॉयल कंपनी. राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही नागपुरातच. तुझ्या विषयाची माणसं रोज सकाळी कामाला जातात ती तुझ्या स्कूटीच्या टप्प्यात, आणि तू त्यांच्यापैकी एकालाही भेटल्याचं पत्रात नाही!

एचओडी सरांकडून पत्र घे आणि या उन्हाळ्यात महिनाभराचं प्रशिक्षण किंवा छोटा प्रोजेक्ट मिळतो का बघ. दोन-तीन ठिकाणी नाही म्हणतील, म्हणू देत. संधी मिळालीच तर कोर लॉगिंग बघायला माग. ड्रिलिंग करून काढलेले दगडाचे गोल दांडके खोक्यांत ओळीने मांडलेले असतात, बाजूला खोली मीटरमध्ये लिहिलेली. त्यांच्यापुढे बसून रंग, कण, भेगा इंचाइंचाने नोंदवायच्या. कुणाचा त्यात जीव रमतो, कुणाला तासाभरात जांभया येतात. दुपारी तीन वाजताही तुला पुढचं खोकं उघडावंसं वाटलं, तर बी.एड.वाल्या मैत्रिणींचं टेन्शन घेऊ नकोस.

आता एमपीएससीबद्दल. ती परीक्षा पदवीवर देता येते आणि एम.एस्सी.नंतरही देता येते, ते दार बंद होत नाही. उलट भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिऑलॉजिस्ट व्हायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते आणि तिला पदव्युत्तर पदवीच लागते. नुसत्या बी.एस्सी.वर त्या दारात उभंही करत नाहीत. बाबांना हा फरक शांतपणे सांग.

खाणीचं म्हणशील तर त्यांची माहिती जुनी आहे, पण खोटी नाही. 1952च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली कामाला मज्जाव होता. 2019 मध्ये सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दिवसपाळीत, त्यांच्या लेखी संमतीने, ती मुभा दिली. शिवाय प्रत्येक जिऑलॉजिस्ट खाणीत उतरतो असंही नाही. भूजल, नकाशे, प्रयोगशाळा, धरणांच्या जागांची तपासणी, कामं पुष्कळ आहेत. उन्हातान्हातलं फील्डवर्क मात्र चुकत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या मुलीला ते मी काय सांगू!

आता नागपूर की बाहेर. मी स्वतः एम.एस्सी.ला (केमिस्ट्री, दगडातलं मला फार कळत नाही) फक्त कॉलेजच्या नावावर गेले होते. लॅबमध्ये एक महागडं यंत्र होतं, त्यावर कायम कापडी झाकण. दोन वर्षांत ते काढलेलं मी एकदाच पाहिलं, तपासणी समिती आली तेव्हा. म्हणून तू जाहिरात वाचू नकोस, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ. फील्डवर्क किती दिवसांचं आणि कुठे झालं? खडकाचे पातळ काप बघायला एका मायक्रोस्कोपमागे किती जण? डिझर्टेशन स्वतः केलं की सीनियरचं उतरवलं? लॉ कॉलेज चौकातल्या विद्यापीठाच्या विभागात जाऊन हेच विचार, आणि बाहेरच्या संस्थांतल्या मुलांनाही फोनवर हेच विचार. उत्तरं देताना मुलं कुठे अडखळतात तेही ऐक.

जॅम तर तू द्यावीसच, असं माझं मत. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो. परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज साधारण आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून, आणि शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. त्या गुणांवर आयआयटी मुंबई, धनबाद अशा ठिकाणी प्रवेश मिळतो. विषयांच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात, त्या माहितीपुस्तिकेत आत्ताच वाचून ठेव, नाहीतर ऐन वेळी फजिती. जॅम देऊनही नागपुरातच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांब, विद्यापीठाचा अर्ज मात्र सोबत भरलेला असू दे. तुझ्या कॉलेजात चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी असेल तर तिच्यानंतरची एम.एस्सी. एका वर्षाची होते, पण तुझ्या विषयात ती सोय आहे का हे ऑफिसात लेखी विचारून घे. तोंडी 'हो' वर जाऊ नकोस.

मागच्या वर्षांचे पेपर जॅमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. या रविवारी घड्याळ लावून एक सोडव. चार पर्यायांतून एकच निवडायच्या प्रश्नांना चुकलं की गुण कापतात, तेही मोजूनच बेरीज कर. आणि आकडा बाबांना दाखवण्याआधी एकटीच नीट बघ.