आधी वही, मग एक्सचेंज

गेल्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की आता टेलिफोनला तांब्याची तार लागत नाही, इंटरनेट असलं की भागतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या सदरातले पंपाचे आणि सोलरचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत. मी दूरसंचार खात्यात जॉइंटर, म्हणजे केबली जोडणारा, म्हणून लागलो, पुढे एक्सचेंजवर गेलो. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बीएसएनएल झाली तेव्हा मालवणात होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे उत्तरांत वायरिंग जरा जास्त येईल, ते चालवून घ्या.

प्रश्न : काका, देवबागला आमचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे, जोडीला खानावळ. नंबर माझ्या मोबाइलवर. मी चुलीपाशी असले की फोन पडवीत वाजून वाजून थांबतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे खोली घेतं. मुलगा डोंबिवलीला असतो, तो म्हणतो मी घेत जाईन फोन. पण नंबर एक आणि माणसं तीन. एका एजंटने इंटरनेटवरून फोन जोडणारं बारा एक्स्टेंशनचं आयपी एक्सचेंज घ्या म्हणून सांगितलं. रक्कम ऐकून आमचे हे उठून बाहेरच गेले. खरंच एवढं लागतं का?

उत्तर : नाही लागत, ताई. यजमानांना आत बोलवा.

आठ दिवस फोनशेजारी एक वही ठेवा. फोन आला की वेळ लिहा, कोणी घेतला ते लिहा, चुकला तर तेही लिहा. एकाशी बोलत असताना दुसरा आला तर तिथे फुली मारा. आम्ही एक्सचेंजवर हेच करायचो, फक्त त्याला ट्रॅफिक म्हणायचो. गावात शंभर फोन असले तरी शंभर जण एका वेळी ट्रंकला, म्हणजे बाहेरगावी, बोलत नाहीत, म्हणून बाहेर जाणाऱ्या लाइनी थोड्याच असत आणि तेवढ्यात निभत असे. सहा खोल्यांच्या घराला, मे महिना आणि नाताळ धरूनही, एका वेळी दोन बोलणी म्हणजे पुष्कळ. रोज तीन-चार फुल्या पडायला लागल्या तर मला पुन्हा लिहा.

तुमची अडचण लाइनी कमी असण्याची नाहीच. फोन एकाच जागी वाजतो, ही आहे. त्याला एक्सचेंज विकत घ्यायचं कारण नाही. इंटरनेट टेलिफोनचा परवाना असलेल्या कंपनीकडून एक नंबर भाड्याने घ्यायचा आणि तिचं ॲप तुमच्या, यजमानांच्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये टाकायचं. नंबर एकच, वाजतो तिघांकडे. याला रिंग ग्रुप म्हणतात. एकदम तिन्हीकडे वाजवता येतो किंवा पाळीने. मी तुमच्या जागी असतो तर पाळीने लावला असता : आधी वीस सेकंद घरात, मग डोंबिवलीला. एकदम वाजवला की दोघं एकाच वेळी 'हॅलो' म्हणतात किंवा दुसरा घेईल म्हणून कोणीच उचलत नाही. माझ्याच घरात दुसरा प्रकार जास्त.

आता जुना ०२३६५ चा लँडलाइन नंबर असेल आणि तो पाटीवर, रिक्षावाल्यांच्या डायरीत, जुन्या पाहुण्यांकडे असेल, तर तो सोडू नका. तांब्याची लाइन काढून फायबर घेताना तोच नंबर ठेवता येतो का ते अर्ज करण्याआधी विचारा, पुष्कळांचा राहिला आहे. फायबरच्या डब्याला मागे टेलिफोनचं बारीक सॉकेट असतं. त्यात तुमचा जुना फोन लावला की झालं. दिसायला लँडलाइन, पण आतून तो इंटरनेटचाच फोन आहे, आवाज छोट्या तुकड्यांची पाकिटं होऊनच जातो. कॉर्डलेस घेतलात तर चुलीपाशी नेता येईल. आणि एक गंमत सांगतो : व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरवरही चालू होतं. नोंदणी करताना मेसेजऐवजी फोन करून कोड सांगा, असा पर्याय निवडायचा. मग खोल्यांचे फोटो, दर, 'जेवणवेळ चालू आहे, तासाभरात फोन करतो' असला आपोआप जाणारा निरोप, सगळं त्याच नंबरवर आणि फुकट. निम्म्या छोट्या धंद्यांचं काम एवढ्यात भागतं, हे एजंट सांगणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न हाच येणार : आमचं इंटरनेट पुरेल का? आंब्याच्या पेटीने सांगतो. बोलण्याचे सेकंदाला पन्नास तुकडे करतात. नेहमीच्या पद्धतीत, तिला जी.७११ म्हणतात, प्रत्येक तुकड्यात १६० बाइट आवाज असतो आणि त्याभोवती पत्त्याबित्त्याचे ४० बाइट. म्हणजे फळ १६० आणि पेंढा ४०. हिशेब केला की एका बोलण्याला एका दिशेने सेकंदाला ८० किलोबिट, वायरीवरची वेष्टनं धरून नव्वदच्या आत. दुसरी काटकसरीची पद्धत आहे, जी.७२९. तिच्यात फळ २० बाइटचं होतं, पण पेंढा तेवढाच चाळीस. त्यामुळे आठपट बचत होईल असं कागदावर वाटतं ते होत नाही, २४ किलोबिट लागतातच. तुमच्याकडे साधं ३० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला तीस हजार किलोबिटचं, फायबर असलं तरी दोन बोलणी त्यात कुठे हरवली ते कळणार नाही. तासभर बोललात तर जाऊन-येऊन सत्तरेक एमबी.

मग आवाज तुटतो कशाने? बहुतेक वेळा वेग कमी म्हणून नाही, तुकडे वेळेवर न पोचल्याने. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागला तर माणसाला कळत नाही. त्याच्या फार वर गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, जुन्या परदेशी ट्रंककॉलसारखं. पाहुणे संध्याकाळी परतले की प्रत्येक जण किनाऱ्यावरचे व्हिडिओ चढवत बसतो, तेव्हा तुमचा फोन अडखळेल. पाहुण्यांचं वायफाय वेगळं करा आणि त्याला वेगाची मर्यादा घाला. बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते.

खरी काळजी विजेची. तांब्याच्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन जिवंत. फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. डबा बंद की फोन बंद. डबा आणि राउटर १२ व्होल्टवर चालत असतील, आणि बहुतेक तसेच असतात, तर त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पॉइंटवर घ्या, दिव्यापेक्षा ते जास्त खात नाहीत. पण एवढ्याने भागत नाही. ज्याच्याकडून फायबर येतं त्याच्या गावातल्या यंत्राला, ओएलटी म्हणतात त्याला, बॅटरी किती तासांची आहे हे विचारून घ्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा पोलच आडवे झाले. ज्यांनी घरी चांगला इन्व्हर्टर ठेवला होता त्यांचेही डबे लाल दिवा दाखवत बसले, कारण पलीकडे वीज नव्हती. तुमच्या गावात एका बाजूला कर्लीची खाडी, दुसरीकडे समुद्र, मधे एक चिंचोळी पट्टी. तिथे तार असो की फायबर, यायला वाट एकच. म्हणून एक साधं मोबाइल सिम, दुसऱ्या कंपनीचं, चार्ज करून ठेवायचंच. ११२ लावायची वेळ आली तर ॲपच्या भरवशावर राहू नका.

करार करताना तीन गोष्टी विचारा : माणशी महिना भाडं की नंबराचं, येणाऱ्या फोनला मिनिटामागे पैसे आहेत का, आणि नंबर कोणाच्या नावावर राहणार. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. माझ्या भाचीने तिच्या दुकानाला असा नंबर एका एजन्सीमार्फत घेतला. दोन वर्षांनी एजन्सी बदलायला गेली तेव्हा कळलं, नंबर एजन्सीच्या नावावर. पिशव्या, पावत्या, बोर्ड, सगळं पुन्हा छापलं. आणि परदेशी कॉल पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. पासवर्ड कच्चा असला तर रात्री कोणीतरी आत शिरून तुमच्या खात्यातून परदेशी फोन फिरवतं आणि बिल तुमच्या नावावर येतं.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ माझा काजूचा कारखाना आहे. ऑफिस, गोदाम आणि घर मिळून पाच आयपी फोन बसवले. ऑफिसातून बोललं की समोरच्याला ऐकू येतं, मला काही ऐकू येत नाही. गोदामातला फोन तर दिवसातून दहा वेळा बंद. पुतण्या म्हणतो, छोट्या कॉम्प्युटरवर आपलंच एक्सचेंज करूया. करावं का?

उत्तर : 'रिंग वाजता, पण बोलणा ऐकाक येना नाय.' ही तक्रार मी टेस्ट डेस्कवर हजार वेळा ऐकली. तेव्हा जॉइंटमध्ये पाणी असायचं. आता राउटरमध्ये शहाणपणा असतो. इंटरनेट फोनमध्ये रिंग वाजवणारा निरोप वेगळा जातो आणि आवाज वेगळ्या वाटेने जातो. तुमचा फोन निरोपात सांगतो, 'आवाज या पत्त्यावर पाठवा,' आणि घरातला पत्ता देतो. मुंबईच्या माणसाला पत्रावर पत्ता म्हणून 'माजघर' लिहायला सांगितल्यासारखं. आवाज निघतो, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असते, ती हा पत्ता दुरुस्त करायला जाते आणि बहुधा आणखी बिघडवते. ती बंद करा, राउटर आणि फोन दोन्ही एकदा बंद-चालू करा. नाही सुधारलं तर नंबर देणाऱ्या कंपनीला 'एकाच बाजूचा आवाज' एवढंच सांगा, त्यांना कळतं.

गोदामातला फोन वायफायवर असणार. भिंत चिऱ्याची, नऊ इंच किंवा जास्त, पावसाळ्यात भिजलेली. तिच्यातून वायफाय जात नाही, तुम्ही कितीही शिंगांचा राउटर आणा. केबल टाका. पण ऑफिसमधून गोदामात तांब्याची लॅन केबल माडावरून लोंबकळत नेऊ नका. वळवाच्या विजेत दोन्हीकडची यंत्रं एकदम जातात. मी एका बागायतदाराच्या मांगरात तीन फोन आणि एक स्विच काळा पडलेला पाहिला आहे. दोन इमारतींमध्ये फायबर ओढा. काच वीज नेत नाही. फक्त केबलला आधाराची लोखंडी तार असेल तर ती इमारतीत आणू नका, बाहेरच तोडा.

पुतण्याच्या कल्पनेबद्दल. ॲस्टेरिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाने ते लिहिलं, कारण त्याच्या छोट्या कंपनीला टेलिफोन एक्सचेंज परवडत नव्हतं. ते रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं. मी सी-डॉट या सरकारी संस्थेच्या १२८ पोर्टच्या रॅक्सवर, म्हणजे खेड्यातल्या एक्सचेंजवर, काम केलेलं, कपाटाएवढं यंत्र. हे पाहून पहिल्यांदा हात लावायलाच धजलो नाही. पाच काय, पंधरा फोन ते सहज चालवतं आणि आतल्या आत बोलायला इंटरनेटही लागत नाही. ऑफिस ते गोदाम फुकट. त्यामुळे यंत्राला माझी हरकत नाही. मी पुतण्याबद्दल विचारतो : तो पुण्याला नोकरीला गेला तर पासवर्ड कोणाकडे? सगळं ज्यात असतं ते मेमरी कार्ड मेलं तर दुसरं तयार कोण करणार? तो तिथे आहे तोवर त्याने कागदावर सगळं लिहून द्यावं, तयार केलेलं दुसरं कार्ड तुमच्या तिजोरीत ठेवावं, आणि एकदा त्याच्यासमोर तुम्ही स्वतः कार्ड बदलून फोन चालू करून दाखवावा. हे जमलं तर खुशाल करा. नाही तर भाड्याची सेवा बरी.

प्रश्न : दापोलीत माझं मोबाइलचं दुकान आहे. गावातली पन्नासेक माणसं आखातात आहेत. एकाने सुचवलं की एक बॉक्स आणायचा, त्यात वीस सिम घालायची, तिकडून इंटरनेटवर आलेले कॉल इथे लोकल म्हणून सोडायचे. मिनिटामागे चांगले पैसे आहेत म्हणे. यात धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि पोलिस दारात येण्याचा आहे. याला सिम बॉक्स म्हणतात आणि हे बेकायदा एक्सचेंज आहे. आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायची मुभा १ एप्रिल २००२ पासून आहे, आणि २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटचे कॉल मोबाइल आणि लँडलाइनला जोडायची वाट मोकळी झाली. परवाना कंपनीला आहे, दुकानाला नाही. ती सिमं कोणाच्या तरी नावावर असतात आणि त्यांतून कोण काय बोललं हे तुम्हाला कधीच कळत नाही. ज्याने सुचवलं त्याला दुकानात बसू देऊ नका.

गावच्या लोकांना स्वस्तात बोलायचं असेल तर दोन्हीकडे एकच ॲप घ्या. दुबईत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, तिथे परवाना असलेलं बोटिम चालतं. म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये ते घालून द्या आणि त्याचे शंभर रुपये घ्या. तो धंदा सरळ आहे.

प्रश्न : आमच्या वाडीत फायबर आलं, पण मोबाइलला रेंज नाही. शिंपल्यांच्या वस्तूंचा माझा छोटा धंदा आहे. गिऱ्हाइकांचा फोन घ्यायला टेकडीवर जावं लागतं. स्वस्त उपाय सांगा.

उत्तर : बहुधा फुकट आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' शोधा, सिमच्या किंवा नेटवर्कच्या भागात असतं. चालू केलं की तुमचा नेहमीचाच नंबर घरातल्या फायबरवरून वाजतो. समोरच्याला काही वेगळं करावं लागत नाही, वेगळं ॲपही नको. फोन आणि सिम कंपनी, दोघांनी ही सोय दिलेली असायला हवी. फोन जुना असेल तर शेजाऱ्याच्या नव्या फोनमध्ये आपलं सिम घालून दहा मिनिटं पाहा, मगच खर्च करा. वर वायफाय कॉलिंगची खूण दिसली आणि घरातून टेकडीवरच्या माणसाशी बोलता आलं की समजा लागलं.