टिक कोणाच्या उत्तराला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कळमन्याला एका अडत्याकडे हिशेब लिहितो. संत्र्याच्या वजनकाट्यावरून रोज एक सीएसव्ही (साध्या मजकुराची) फाइल निघते. ती एक्सेलमध्ये उघडून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढतो. दुकानात नवा कॉम्प्युटर आला आणि तारखा बिघडल्या. ५ मार्चचा माल ३ मेचा दिसू लागला. मालक म्हणाले, "मे महिन्यात मृगाचा संत्रा कुठून आला बावा?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारलं. दहा मिनिटांत एकानं दोन ओळी लिहिल्या : विंडोजमधलं रीजन (देशाची सेटिंग) भारत करा, फाइल नव्यानं उघडा. तसं केलं, तर तारखा बरोबर येऊन राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं हे भलंमोठं उत्तर लिहिलं, कारणासकट, फॉर्म्युल्यासकट. त्याला ९ मतं पडली, पहिल्याला फक्त २. वरून त्यानं खाली लिहिलं, उपयोग झाला असेल तर टिक (उपाय चालल्याची विचारणाऱ्याची खूण) द्या. मालकाचा भाचा म्हणतो, जास्त मतंवाल्यालाच दे. मला तर त्या माणसाचा संकोच वाटून राहिला. कोणाला देऊ? फाइल सोबत पाठवली आहे.
— एक वाचक, वाठोडा

उत्तर : भाऊ, फाइल उघडली आणि आधी तो मोठा फॉर्म्युलाच चालवून पाहिला. वरच्या रांगांत तारखा १८ मार्च, २२ मार्च अशा होत्या. तिथं झकास चालला. मग ५ मार्चच्या रांगेवर आले तर उत्तर काय? १४ सप्टेंबर ५७८६. त्या साली संत्र्याला काय भाव असेल देव जाणे.

असं का होतं ते सांगते, कारण तुमचा निर्णय त्यातच आहे. नव्या कॉम्प्युटरचं रीजन अमेरिका होतं, आणि तिकडे आधी महिना, मग दिवस. ०५/०३/२०२५ बघून एक्सेलनं बिनबोभाट ३ मे करून टाकला. आतमध्ये एक्सेल तारीख आकड्यात ठेवतं, ३ मे २०२५ म्हणजे ४५७८०. पण १८/०३ मध्ये अठरावा महिना कुठून आणणार? म्हणून तशा रांगा साधा मजकूर म्हणून राहिल्या. मोठ्या उत्तरातला फॉर्म्युला मजकुराचे तुकडे पाडून तारीख बनवतो. ४५७८० चे तुकडे पाडले की साल ५७८०, महिना ८० आणि दिवस ४५! एक्सेल त्यालाही नाही म्हणत नाही, पुढे मोजत जातं.

म्हणजे ज्या ९ जणांनी मत दिलं, त्यांनी उत्तर वाचलं, तुमची फाइल चालवली नाही. ते चुकले असं मी म्हणत नाही, कारणाची मांडणी खरंच चांगली आहे. पण मत पुरेसे गुण (साइटवरची पत) असलेला कोणीही देतो. टिक एकाच उत्तराला मिळते आणि ती फक्त विचारणाऱ्यालाच देता येते, कारण उपाय त्याच्याच टेबलावर चालला की नाही हे त्यालाच ठाऊक असतं. दोन ओळींच्या उत्तराला द्या. संकोच करू नका, ही साक्ष आहे, आहेर नव्हे.

फक्त त्याआधी १ ते १२ तारखांच्या रांगा काट्याच्या कागदी चिठ्ठ्यांशी लावून बघा. १३ पासूनच्या बिघडल्या की लगेच डोळ्यांत भरतात. घात करतात त्या नीट दिसणाऱ्या.

हे मी शहाणपणानं बोलत नाही. परसोडीच्या आयटी पार्कात नोकरीला होते तेव्हा कर्जाच्या पुढच्या हप्त्याची तारीख कशी काढायची, हे मी स्टॅक ओव्हरफ्लोवरच विचारलं होतं. पहिलं उत्तर आलं : तारखेत ३० मिळवा. प्रश्न टाकल्यापासून १५ मिनिटं होईपर्यंत साइट टिक देऊ देत नाही, तर मी घड्याळ बघत बसले आणि सोळाव्या मिनिटाला दिली. पुढच्या जानेवारीत ३१ तारखेत ३० मिळवले आणि आली थेट २ मार्च. फेब्रुवारीचा हप्ताच गायब. खाली दुसऱ्या कोणीतरी ईडेट (तारीख महिन्यानं पुढे नेणारं एक्सेलचं फंक्शन) वापरा म्हणून कधीचं लिहून ठेवलं होतं, शून्य मतांवर. टिक हलवली. टिक कधीही हलवता येते, पण पहिल्याला टिकमुळे मिळालेले १५ गुण गेले. तो बिचारा काही बोलला नाही, मलाच चार दिवस कसंनुसं होत होतं.

आता मोठ्या उत्तरवाल्याचं काय? भाचा म्हणेल मत तरी दे, पण मत द्यायला १५ गुण लागतात. तुमचे सुरुवातीचा १ आणि प्रश्नाला पडलेल्या एका मताचे १० मिळून ११. टिक दिल्याचे २ आले तरी १३. म्हणजे आत्ता तुम्हाला ते जमणारच नाही. पण आपल्या प्रश्नाखालच्या उत्तरावर कमेंट करायला गुण लागत नाहीत. त्याला लिहा : ५ मार्चच्या रांगेत ५७८६ साल येतं, आकडा असलेल्या रांगांसाठी वेगळी अट घालता का? मनापासून लिहिणारा माणूस असेल तर दुरुस्त करेल. मूळ फाइल हरवलेल्या एखाद्याला पुढे त्याचंच उत्तर कामी येईल, कारण रीजन बदलून फाइल पुन्हा उघडायला आधी फाइल हवी ना. तरी टिक हलवायची गरज मला दिसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर २०२१ पासून टिकवालं उत्तर आपोआप सगळ्यांत वर बसत नाही, त्यामुळे त्याचं चांगलं उत्तर दबणार नाही.

(जाता जाता : २००८ साली ही साइट ज्या दोघांनी काढली, त्यांतले जोएल स्पोल्स्की आधी मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलच्याच टीममध्ये होते. तुमचं गाऱ्हाणं अगदी घरच्याच दारात पोचलं.)

आणि ३ मे छापलेल्या ज्या पट्ट्या शेतकऱ्यांच्या हातात गेल्या, त्या बदलून द्या. टिकेला उद्या उशीर झाला तरी चालेल.

प्रश्न : माझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी मीच शोधलं. स्वतःलाच टिक दिली तर हावरटपणा वाटेल का?
— इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, हिंगणा रोड

उत्तर : अगं, गुणच मिळत नाहीत त्याचे, हावरट कशी ठरशील? दोन दिवस थांबावं लागतं, मग खुशाल दे. कोणाच्या सूचनेवरून सुचलं असेल, तर उत्तरात तेवढं लिही.