तुझ्या नावाने सुरू होणारं कडवं

प्रिय रेवा,

काल दिवा मालवताना तू विचारलंस, "आई, आपल्या मराठी लोकांचं पण वेल्सच्या राष्ट्रगीतासारखं गाणं आहे का? ते लागलं की उभं राहायचं का?" मी नुसतं "हो" म्हटलं आणि तू कुशीवर वळून झोपलीससुद्धा. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. तुला आता जोडाक्षरं वाचता येतात, म्हणून उत्तर मराठीतच लिहिते आहे.

१ मार्चला सेंट डेव्हिड्स डेला, म्हणजे इथे वेल्समधल्या राष्ट्रीय दिवशी, तू शाळेच्या हॉलमध्ये फ्रॉकवर पिवळं डॅफोडिल लावून वेल्श राष्ट्रगीत म्हटलंस, तेव्हा माझ्या शेजारचे म्हातारे आजोबा पुढच्या खुर्चीला धरून हळूहळू उभे राहिले आणि डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणत होते. ते गाणं इथून जवळच, पॉन्टिप्रीदला १८५६ साली झालं. इव्हान जेम्स लोकरीचं कापड विणायचे. शब्द त्यांचे आणि चाल त्यांच्या मुलाची. १९०५ साली कार्डिफला न्यूझीलंडविरुद्धच्या रग्बीच्या सामन्यात पाहुण्यांचा हाका (त्यांचं युद्धनृत्य) झाल्यावर वेल्सच्या खेळाडूंनी हे गाणं सुरू केलं आणि अख्ख्या मैदानाने ते उचललं. हे आपलं राष्ट्रगीत असं सांगणारा कायदा आजही नाही. लोकांनी म्हणून म्हणून ते राष्ट्रगीत झालं.

आपल्या गाण्याचंही असंच आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' राजा बढे यांनी लिहिलं, श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आणि शाहीर साबळे यांनी गायलं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, पण हे गाणं सरकारने राज्यगीत म्हणून स्वीकारलं ते थेट २०२३ साली, १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी. तोवर लोक ते साठ वर्षं म्हणतच होते. मूळ तीन कडव्यांपैकी दोन राज्यगीतात घेतली आहेत.

त्यातलं पहिलं कडवं कशाने सुरू होतं माहीत आहे? तुझ्या नावाने! रेवा म्हणजे नर्मदा. ती नंदुरबारच्या वरच्या टोकाला महाराष्ट्राला शिवून जाते. मग वरदा, म्हणजे विदर्भातली वर्धा. मग कृष्णा, कोयना, अशा एकेक नद्या येत जातात. प्रत्येकीचा उगम वेगळा, वाट वेगळी, पण सगळ्यांचं पाणी मातीच्या घागरीत आलं की ते एकच. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, कोकण अशी सगळी मराठी माणसं एका राज्यात यावीत म्हणून शंभरावर लोकांनी जीव दिला, त्या काळात ही ओळ ऐकणाऱ्याला काय वाटत असेल! माझा तर आजही इथे गळा दाटतो. आणि बघ, बढे नागपूरचे, खळे बडोद्याला वाढलेले, साबळे कृष्णाकाठच्या वाईजवळच्या पसरणीचे. गाणं करणारी माणसंही त्या नद्यांसारखीच लांबलांबून आलेली.

आता उभं राहण्याचं. हो, सावधान उभं राहायचं. हात सरळ, मान ताठ, मधे बोलायचं नाही. आजारी माणसांना, म्हाताऱ्यांना सूट आहे, म्हणून भारतातले तुझे आजोबा बसून म्हणतात. आमच्या लहानपणी १ मेला सकाळी सातला शाळेत झेंडावंदन असायचं आणि त्यानंतर निकाल. मैदानातली माती तोवर तापायला लागलेली असायची. पोटात निकालाचा गोळा, आणि तरी 'गर्जा' म्हणताना आम्ही सगळ्या इतक्या जोरात ओरडायचो की बाई हसू दाबत बघायच्या.

'जन गण मन' आपलंच, ते सगळ्या भारताचं. रवींद्रनाथांनी बंगालीत लिहिलेलं, ५२ सेकंदांचं. त्यात 'मराठा' येतं तिथे तू माझ्याकडे बघतेस, ते मला दिसतं. आणि वेल्सचं गाणंही तुझंच, तू इथे जन्मलीस. शाळेतल्या त्या वेल्श आजोबांशेजारी तूही तशीच ताठ उभी राहत जा. एक गाणं मनापासून म्हटलं म्हणून दुसरं रुसत नाही.

येत्या १ मेला आपल्या आजोबांना व्हिडिओ कॉल लावू. ते धृपद म्हणतील, आणि नद्यांची ओळ आली की तू सुरू कर.

तुझी,
आई