साखरेची फुलं आणि अर्धवट बी.कॉम.

प्रश्न : मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. मे महिन्यात मावशीकडे पुण्याला राहून तिनं केक डेकोरेशनचा छोटा क्लास केला. तिथे गमपेस्टची, म्हणजे साखरेच्या लगद्याची, फुलं शिकवली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आता कॉलेज सोडून पुण्यातच सहा महिन्यांचा डिप्लोमा करायचा म्हणते. फी दीड लाख. तिचे बाबा म्हणतात, साखरेच्या फुलांवर कुणाचं पोट भरतं का? तिनं केलेल्या गुलाबाचा फोटो सोबत पाठवते आहे. – एक आई, चिपळूण

उत्तर :

ताई, नमस्कार.

फोटो मोठा करून नीट पाहिला. मधली कळी पाकळ्यांपेक्षा उंच झाल्यामुळे तिचं टोक वर डोकावतंय; नवशिक्यांचं हे हमखास होतं. पण बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा चांगल्या पातळ उतरल्यात आणि बेतानं मागे वळल्यात. एवढी कड काढायला हात हलका लागतो आणि धीरही लागतो. मुलीची आवड खरी आहे. घाई मात्र दीड लाखाची आहे.

बाबांना आधी हे काम काय असतं ते सांगू. केकवर पसरायचं साखरेचं आवरण, म्हणजे फाँडंट, मऊ राहतं. गमपेस्टमध्ये आयसिंग शुगरला टायलोज किंवा सीएमसी या घट्टपणा आणणाऱ्या पावडरीची जोड असते, म्हणून ती पातळ लाटता येते आणि वाळून कडक होते. गुलाबाची कळी तारेवर बसवून रात्रभर वाळवायची. मग पाकळ्या कटरनं कापायच्या, फोमवर ठेवून बॉल टूलनं, म्हणजे गोल टोकाच्या काडीनं, कड दाबत न्यायची, एकेक थर लावायचा, मधे वाळू द्यायचा. शेवटी पेटल डस्टचा, म्हणजे फुलांवर लावायच्या कोरड्या पुडीचा, रंग आणि तो पक्का बसावा म्हणून क्षणभर वाफ. एका गुलाबात दोन दिवस अडकतात. क्लासमध्ये एक फूल जमलं की हुरूप येतो, यात नवल नाही. पण गिऱ्हाईक एक फूल मागत नाही; लग्नाच्या केकला एका मापाचे, एका रंगाचे वीस-पंचवीस लागतात. तेव्हा कॉलेज सांभाळून तिला घरी तसे पंचवीस गुलाब करू द्या. पंधराव्या गुलाबालाही हात शिवशिवत असतील तर पुढचं बोलू.

आणि हे तिनं पावसाळ्यात करावं. साखर हवेतली ओल ओढून घेते. पुण्याच्या मे महिन्यात ताठ उभी राहिलेली पाकळी चिपळूणच्या जुलैत मान टाकते. सीएमसीचं प्रमाण किती वाढवायचं, वाळलेली फुलं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात कशी ठेवायची, ती फ्रीजमध्ये का ठेवायची नाहीत, हे तिला तुमच्याच स्वयंपाकघरात शिकावं लागेल. कोकणात ज्याला हे जमलं त्याला कुठेही जमेल.

आता पोटाचं. निव्वळ फुलांवर पहिल्या वर्षी घर चालणार नाही, बाबांचं तेवढं बरोबर आहे. पण तिनं आणखी एक केकवाली होऊ नये, असं मला वाटतं. घरगुती केक करणाऱ्या आता गल्लोगल्ली आहेत. त्यांना फुलं करायला सवड नसते. नीट वाळवलेली फुलं कोरड्या जागी कित्येक महिने टिकतात, म्हणजे फावल्या वेळात करून ठेवता येतात. या केकवाल्याच तिचं गिऱ्हाईक. त्यांना एक गोष्ट आधीच बजावायची : आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप्ड क्रीमचे असतात, त्या ओलीवर गमपेस्ट पाघळते, तेव्हा फुलं अगदी शेवटी लावायची. शिवाय तार थेट केकमध्ये खुपसायची नाही. केक नसलेलं गिऱ्हाईकही आहे. लग्नातलं रुखवत घ्या. साखरेच्या कलाकुसरीला आपल्याकडे मान आहेच. संक्रांतीला हलव्याचे दागिने करून कमावणाऱ्या बायका तुमच्याही ओळखीत असतील. तो हंगामही तिनं सोडू नये.

वरच्या पायरीवर काय आहे, तेही बाबांना दाखवा. पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये तिथले नामवंत केक-सजावटकार एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंगचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या नक्षीकामाचे, धडे घेतले आणि त्याच कामावर नाव कमावलं. २०२४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात झालेल्या वर्ल्डस्किल्स या कामातल्या कौशल्यांच्या जागतिक स्पर्धेत भारतानं पेस्ट्री आणि कन्फेक्शनरीत ब्राँझपदक मिळवलं. अर्थात अशी नावं मोजकीच असतात, त्यांच्याकडे बघून फी भरू नये.

बी.कॉम. सोडू नका, हे ठाम सांगते. डिग्रीचा मान वगैरे बाजूला ठेवा. या धंद्यात माणसं बुडतात ती दर लावताना. साखर-रंगाचा खर्च सगळे धरतात, दोन दिवसांची मजुरी कुणी धरत नाही. कॉस्टिंग शिकलेली मुलगी तिथे फसणार नाही. बेकरीचं रीतसर शिक्षण हवंच असेल तर डिग्रीनंतर आयटीआयचा बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास पुरते. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची चौकशीही करा. विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करायची. रंग घेताना डबीवर ‘खाण्यायोग्य’ असं हवं. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेला रंग पोटात जाण्यासाठी नसतो. पेस्टमध्ये अंडं किंवा जिलेटिन असेल तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. शाकाहारी घरातल्या मुंजीच्या केकवर जिलेटिनचं फूल गेलं तर पुढची ऑर्डर विसरा.

सध्या तिला काही हजारांत चांगले कटर, पाकळ्यांवर शिरा उमटवणारे व्हेनर, तारा आणि रंग घेऊन द्या. त्या डिप्लोमावाल्यांना फोन करून विचारा, सर्टिफिकेट कोणत्या सरकारी संस्थेचं, एका बॅचमध्ये किती मुली, सामान फीमध्ये धरलंय की वेगळं, प्रत्येकीच्या हातून फुलं करून घेतात की समोर करून दाखवतात, आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत. ही उत्तरं लेखी मिळत नसतील तर ॲडव्हान्स भरू नका.